तीस वर्षांत न वाढलेलं झाड

लिफ्टचं दार मिटता मिटता आधी एक कुंडी आत शिरली, कुंडीमागून झाड आणि झाडामागून एक माणूस. झाड चांगलं खांद्याएवढं होतं. आत ती एकटीच होती, पण रबराच्या झाडाची पानं म्हणजे काही तुळशीची पानं नव्हेत. एक तिच्या गालाला टेकलं, एक चष्म्याला आणि एक थेट नाकाला.

"सॉरी हं," झाडामागून आवाज आला. "सातवा दाबता का? माझे दोन्ही हात अडकलेत."

तिने सातवा दाबला. सातव्यावर गच्ची. तिला स्वतःला पाचव्यावर जायचं होतं, ते बटण आधीच दाबलेलं होतं. नाकावरचं पान बाजूला करायला तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला. पानाचं टोक फाटलेलं होतं, कुणी कुरतडावं तसं. आणि मधल्या शिरेच्या डाव्या अंगाला वाटाण्याएवढं भोक.

"हे ते झाड ना?" तिने विचारलं.

मग झाडामागचा माणूस जरा जपून म्हणाला, "ते म्हणजे कुठलं?"

"'मधलं दार'मधलं. कालच्या पहिल्या भागातलं, खिडकीतलं."

दोन पानांच्या फटीतून एक डोळा दिसला. चांगला तपकिरी, हसरा डोळा होता. "ओळखलंत तुम्ही?" त्या आवाजात इतकं कौतुक होतं की जणू पोराला शाळेत बक्षीस मिळालंय.

"मी एकटीनेच नाही. सकाळपासून चारशे बारा जणांनी ओळखलंय."

"झाडाला?"

"झाडालाच. गोष्ट तीस वर्षं मागे जाते, खोली बदलते, पडदे बदलतात, माणसं बदलतात, पण झाड आहे तेच. तेवढंच उंच. पानही तिथेच फाटलेलं. लोक विचारतायत की..."

लोक काय विचारतायत ते सांगायचं राहूनच गेलं, कारण फटीतला डोळा एकाएकी गायब झाला. कुंडी जमिनीवर टेकली आणि झाडामागचा माणूस पहिल्यांदाच सबंध दिसला. तिशीच्या अलीकडचा, कानावर पेन्सिल, खिशात मोजायची टेप, आणि चेहरा पांढराफटक. तोंडातून त्याच्या एकच शब्द आला, "मेलो."

पाचवा मजला आला, दार उघडलं, दार मिटलं. उतरायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

ती म्हणाली की ती पाचव्या मजल्यावरच्या प्रतिक्रिया कक्षात असते. प्रेक्षक जे काही लिहितात, बोलतात, ओरडतात ते सगळं वाचायचं आणि पहिल्या भागाच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता वर अहवाल द्यायचा, हे तिचं काम. म्हणजे आजच. आणि तुम्ही?

"मी त्या खोलीतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणारा," तो म्हणाला. "जागच्या जागी" म्हणताना त्याचा आवाज बसला.

लिफ्ट गच्चीवर पोचली. तो झाड उचलून बाहेर पडला आणि ती एकटीच पुन्हा खाली आली, गालावर पानाची धूळ घेऊन.

*

प्रतिक्रिया कक्ष हे नाव भारदस्त असलं तरी खोली होती हातरुमालाएवढी. एक टेबल, एक संगणक, एक फोन, आणि ज्यातून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप तेवढे दिसतात अशी एक खिडकी. पूर्वी इथे पोत्यांनी पत्रं यायची. आता पत्रं दिवसाला दहा-बारा, बाकी सगळं पडद्यावर. पण वाहिनीच्या सगळ्या इमारतीत तिला अजून टपालताईच म्हणत. दारावरचा पहारेकरी, लेखा विभागातले साठीचे काका, सगळे. तिचं वय सत्तावीस. काकांची ताई व्हायला तिची काही हरकत नव्हती, पण विचारलं कुणी होतं?

तिची पद्धत ठरलेली. प्रत्येक प्रतिक्रिया छापून काढायची आणि तीन ढिगांपैकी एका ढिगात टाकायची. आवडलं, नाही आवडलं आणि विचारायचंय. स्वतःचं मत कुठेही घालायचं नाही. पाच वर्षांत तिने एकदाही घातलं नव्हतं, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

'मधलं दार' ही या वर्षातली सगळ्यात मोठी मालिका. एक मुलगी भाड्याने खोली घेते. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार असतं. ते ढकलून ती आत जाते तर स्वयंपाकघराऐवजी तीच खोली, तीस वर्षांपूर्वीची. बस्स, पहिला भाग इथेच संपला होता. मालिकेवर इतका पैसा ओतलेला, की लोक नायिकेबद्दल बोलतील, दाराबद्दल बोलतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आणि लोक बोलत होते कुंडीबद्दल.

विचारायचंय हा ढीग आज पहिल्यांदाच बाकी दोघांच्या डोक्यावर गेला होता. निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी चार पानं लिहून सिद्ध केलं होतं की काळाचं यंत्र दारात नाहीच, कुंडीत आहे. शाळेतल्या एका मुलीने टीव्हीला पट्टी लावून पान मोजलं होतं, दोन्ही वेळा सात सेंटिमीटर. एकाला खात्री होती की झाड हीच नायिकेची हरवलेली आई. एका नवराबायकोने एकाच पत्रात वरच्या अर्ध्यात त्याचं आणि खालच्या अर्ध्यात तिचं म्हणणं लिहिलं होतं, आणि दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत असं शेवटी संयुक्तपणे कळवलं होतं.

फक्त एक पत्र वेगळं होतं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक जाणकार'. "चाळीस वर्षं कुंड्या सांभाळतेय. यात गूढबिढ काही नाही. कोणीतरी कुंडी बदलायला विसरलंय. बाकी नायिकेने वेळेवर जेवत जावं, गालफडं बसलीत." शेवटच्या वाक्यापाशी तिने कपाळावर हात मारला. ही तिची मावशी होती. आई, मावशी आणि ती एकाच घरात राहत, काल तिघींनी एकाच सोफ्यावर बसून भाग पाहिला होता, आणि ती झोपल्यावर मावशीने गुपचूप आपली प्रतिक्रिया ठोकून दिली होती.

नियम म्हणजे नियम. मावशीचं पत्रही ढिगात गेलं.

*

साडेअकराला चहा आला आणि चहामागोमाग तो आला. दारात उभा राहून त्याने आधी कानावरची पेन्सिल काढली, मग परत लावली.

"टपाल... आहे का?" त्याने विचारलं.

"सगळे टपालताई म्हणतात," ती म्हणाली.

"हो, खाली सांगितलं मला. पण मी नुसतं टपाल म्हणेन. चालेल?"

एक 'ताई' गळाली एवढंच. पण तिला उगाचच चष्मा पुसावासा वाटला आणि तिने तो पुसला.

लोक काय लिहितात ते वाचायला मिळेल का, असं तो विचारत होता. खरं तर बाहेरच्या माणसाला ढिगांना हात लावायची परवानगी नव्हती. पण तो बाहेरचा कुठे, झाडाचा जवळचाच माणूस, अशी तिने मनाची समजूत घातली आणि एक खुर्ची मोकळी केली. खुर्चीवर तो बसला नाही, कारण त्यावरची फाइल त्याला कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी फाइल मांडीवर घेऊन बसला.

तिने त्याला मास्तरांची चार पानं दिली. तो ती इतक्या आदराने वाचू लागला की तिला त्याच्याकडे चोरून बघायला पुरेसा वेळ मिळाला. वाचताना तो हसत होता, पण थट्टेने नाही. मध्येच मान हलवून "हे बरोबर आहे" म्हणाला.

"काय बरोबर आहे? झाड काळाचं यंत्र आहे हे?"

"नाही, पडद्याच्या सुरकुत्या सारख्या आहेत असं म्हणतात ते. खरंच आहेत. त्या मीच पाडल्या." तो थांबला. "किती बारीक बघतात हो माणसं. मला वाटायचं माझं काम कुणाला दिसतच नाही."

ती म्हणाली की तिलाही तिच्या कामाबद्दल तसंच वाटतं. मग तिने पट्टी लावणाऱ्या मुलीचं पत्रही त्याच्या हातात दिलं.

एक प्रश्न मात्र तिला सकाळपासून कुरतडत होता. चारशे बारा लोकांना पडला होता तोच. शेवटी तिने विचारलंच, "झाड का वाढलं नाही?"

त्याने पान खाली ठेवलं. "खरं सांगू?"

"खोटं सांगून काय करणार? ढिगात आधीच पुष्कळ आहे."

मग त्याने सांगितलं. कुंड्या दोन होत्या. जुन्या काळासाठी चार पानांचं रोप आणि आजच्यासाठी मोठं झाड. पण त्या दिवशी दिव्यांखाली सहा तास उभं राहून रोपाने मान टाकली. त्याला बघवेना. तालमीपुरतं म्हणून त्याने मोठं झाड खिडकीत ठेवलं आणि रोपाला घेऊन गच्चीवर गेला. पाणी घातलं, सावलीत ठेवलं, जरा वेळ जवळ बसला.

"बसलात?"

"त्याने मान वर करेपर्यंत," तो म्हणाला. "खाली आलो तर कपडे बदलून नायिका घरी गेली होती. मला वाटलं तालीम संपली. चित्रीकरण संपलं होतं."

ती हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. तोही हसला. रोपापाशी बसून राहणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. आपल्याला तो आवडायला लागलाय हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी दुसरंही एक आठवलं.

गेल्या वर्षी एका मालिकेत नायकाच्या भावाचं काम करणारा एक नट असाच आला होता. तीन दिवस रोज. तिचं अक्षर किती सुरेख, तिचे डोळे किती बोलके. अहवालात त्याचं नाव चांगलं आलं, कारण लोकांना तो खरोखरच आवडला होता. पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटला तेव्हा त्याने काचेतून बघावं तसं तिच्या आरपार पाहिलं. त्या संध्याकाळी ती मावशीच्या कुशीत शिरून रडली होती.

आणि हा आता विचारत होता, "चारच्या अहवालात हे सगळं कसं लिहिता तुम्ही?"

"जसं असेल तसं," ती जरा तुटकपणे म्हणाली.

*

तो गेला आणि एकच्या सुमाराला परत आला. हातात दोघांचा चहा होता. पुन्हा गेला आणि अडीचला आला, तेव्हा कारणसुद्धा नव्हतं. "सातवी-आठवीतल्या त्या मुलीचं पुढे काय झालं?" म्हणून विचारलं. मुलीचं पुढे काय होणार? तिने पट्टी दप्तरात ठेवली असेल.

तो गेल्यावर घरून फोन आला. मावशीला अहवालाची नाही, स्वतःच्या पत्राची काळजी होती. एका अनोळखी बाईचं कुंडीबद्दलचं पत्र आलं असेल तर ते फार हुशारीचं आहे असं तिचं म्हणणं होतं. भाचीने ते मान्य केलं. मग राहवलं नाही म्हणून तिने झाडवाल्याचंही सांगितलं. चहा आणला, तीनदा आला, ताई म्हणत नाही.

मावशीने मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. ही गोष्ट वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच घडे.

"बाळा," ती शेवटी म्हणाली, "चांगला असेल तो. पण तुझा अहवाल चारला आहे ना? मग चारच्या आधी किती गोड बोलतो ते बघू नकोस. चारनंतर येतो का, ते बघ."

फोन ठेवल्यावर तिने ढिगांकडे पाहिलं. पाच वर्षं लोकांच्या मनातलं वाचून वाचून तिला ते ओळखू यायला लागलं होतं. कोण खरंच भारावलंय, कोण नुसतं लिहायचं म्हणून लिहितंय, चार ओळीत कळायचं. पण एका माणसाच्या मनात काय आहे ते काही केल्या कळेना. तो तिच्यासाठी येत होता, की अहवालासाठी? नोकरी हंगामी आहे, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं होतं. चूक सिद्ध झाली तर जाणारच. अशा वेळी कुणीही गोड बोलेल. बोलला तर त्यात त्याचा दोष तरी काय? पण दोष नाही म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे.

पावणेचारला तो दारात आला. आत आला नाही.

"चाललात?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं." तो घुटमळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलंही. आता सांभाळून लिहा म्हणणार, तिला वाटलं.

"वाचताना तुमचे ओठ हलतात," तो म्हणाला. "हे माहीत आहे का तुम्हाला?" आणि जिन्याकडे निघून गेला.

*

सहाव्या मजल्यावर लांबलचक टेबल होतं. एका टोकाला निर्मातीबाई, पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. शेजारी दिग्दर्शक. त्याने सकाळपासून स्वतःच लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्या होत्या हे त्याच्या चेहऱ्यावरच्या तेजावरून कळत होतं.

तिने आकडे वाचून दाखवले. आवडलेले इतके, न आवडलेले इतके, आणि चार वाजेपर्यंत झाडाबद्दल विचारणारे सहाशे एकोणतीस. मास्तरांचं, पट्टीवालीचं, नवराबायकोचं म्हणणं तिने थोडक्यात सांगितलं. 'एक जाणकार' यांचंही सांगितलं, फक्त गालफडांचा भाग वगळला.

"लोकांनी अगदी अचूक पकडलं," दिग्दर्शक म्हणाला. "ती खूण आहे. मुद्दाम ठेवलेली. मला तेच हवं होतं."

निर्मातीबाई त्याच्याकडे बघून मंद हसल्या आणि मग तिच्याकडे वळल्या. "तू दिवसभर वाचते आहेस. तुला काय वाटतं? खूण की चूक?"

आजवर तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. माझं काम मत देण्याचं नाही, असं म्हणून ती सहज सुटू शकली असती. दिग्दर्शक खूण म्हणतोय, खूण म्हटलं की झाडवाल्याची नोकरी वाचते, तो उद्याही पेन्सिल कानावर लावून दारात येतो. आला तर. आणि चूक म्हटलं की... चूक म्हटलं तर तो आपल्याशी पुन्हा बोलणारच नाही, हे तिला ढळढळीत दिसत होतं. फार वाईट वाटलं तिला. इतकं, की एका दिवसाच्या ओळखीला एवढं वाईट वाटायचा काही अधिकार नाही, असंही वाटून गेलं.

पण मास्तरांनी चार पानं हाताने लिहिली होती. गुरुवारचा दुसरा भाग तयार होता आणि त्यात जुन्या खोलीत चार पानांचं रोप होतं, हे त्यानेच चहा पिता पिता सांगितलं होतं. आज खूण म्हटलं तर सहाशे एकोणतीस माणसं गुरुवारी एका उत्तराची वाट बघत बसणार होती, आणि ते उत्तर कुठे नव्हतंच. ही सगळी तिची माणसं होती. त्यांना फसवणं तिला जमेना.

"चूक आहे, मॅडम," ती म्हणाली. "कुंडी बदलायची राहिली. मुद्दाम कुणी काही केलेलं नाही."

दिग्दर्शकाने पेन खाली ठेवलं.

"ठाऊक आहे," निर्मातीबाई शांतपणे म्हणाल्या. "झाडवाला मुलगा स्वतः येऊन सांगून गेला मला. सकाळी अकरा वाजताच. मी आपली बघत होते, या खोलीत दुसरं कोण सांगतं ते."

मग त्या बरंच काही बोलल्या. चूक झाली म्हणून गुरुवारच्या भागाआधी सरळ कबूल करायचं, लोक हसले तर हसू देत. मुलाला कामावरून काढत नाहीये, पण सेटवर ठेवत नाही. सोमवारपासून गावाबाहेरच्या गोदामात, सहा महिने. मास्तरांना त्या स्वतः उत्तर लिहिणार होत्या. हे सगळं तिच्या कानांवर पडत होतं, पण ती 'अकरा वाजताच' या शब्दांपाशी अडकून पडली होती.

तो तिच्याकडे आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. म्हणजे आला तेव्हा सगळं सांगून झालेलं होतं. अहवालात तिने काहीही लिहिलं असतं, तरी त्याला त्याचा फायदाही नव्हता आणि तोटाही. तरी तो आला. एकला आला, अडीचला आला, पावणेचारला दारात उभा राहिला. मग कशासाठी?

*

सेट तळमजल्यावर होता. लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने खाली गेली, सहाचे सहा मजले. पोचली तेव्हा धाप लागली होती आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

जुन्या काळच्या खोलीत तो एकटाच जमिनीवर बसला होता. भोवती लाकडी पेट्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पुढच्या भागांत न लागणारं सामान गोदामात जायचं होतं, एकेक कप कागदात गुंडाळून तो पेटीत ठेवत होता. तिला बघून उठला.

"मी चूक आहे असं सांगितलं," ती आल्या आल्या म्हणाली. हे आधी सांगायला हवं होतं, नाहीतर पुढचं बोलता आलं नसतं. "तुमचं नाव विचारलं नाही त्यांनी. पण विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं."

"बरं केलंत," तो म्हणाला. आणि ते त्याला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

"तुम्ही अकरालाच सांगून आला होतात."

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय म्हणणार होतो? बघा मी किती प्रामाणिक आहे म्हणून? आणि गोदामाचं कळलं असतं तर तुम्हाला माझी कीव आली असती. कीव नको होती मला." हातातल्या कपाकडे बघत तो जरा थांबला. "लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, अहवाल मी लिहिते. मी गच्चीवर गेलो, झाड उन्हात ठेवलं आणि तिथेच बसलो. मला तुम्हाला परत भेटायचं होतं. पण भेटायला आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, हा झाडासाठी आलाय. मग विचार केला, आधी वर जाऊन झाडाचं काय ते मिटवून टाकू. म्हणजे साडेअकराला तुमच्याकडे यायला माझ्याकडे दुसरं काही कारणच उरणार नाही."

बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं. तिने नाकाच्या टोकावर आलेला चष्मा वर सारला.

"मला दिवसभर तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "की तुम्ही अहवालासाठी येताय. चहा पीत होते आणि तेच वाटत होतं. लाज वाटते मला."

"वाटू दे की. चहा प्यायलात ना?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग चष्मा काढून तिने तो ओढणीने पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी. चष्म्याशिवाय तो जरा धूसर दिसत होता. तसं बोलणं सोपं होतं.

"पाच वर्षांत मी कुणाला माझं मत सांगितलं नाही," ती म्हणाली. "आज एकदा सांगितलं, वर. आता दुसरं सांगते. मला तू आवडतोस. रोपापाशी बसलो म्हणालास ना, तेव्हापासूनच. हे मला अडीचला कळलेलं नाही, बाराच्या आतच कळलं होतं. पण मी घाबरले."

त्याने कप आधी खाली ठेवला. हातातून पडेल अशी भीती असावी.

"तू म्हणालीस," तो म्हणाला.

"काय?"

"मला तू म्हणालीस."

"मग काय झाडवाले म्हणू?"

तो इतका मनापासून हसला की तिला पुन्हा चष्मा लावावाच लागला. असं हसू धूसर बघण्यात काही अर्थ नव्हता.

"सोमवारपासून मी इथे नसणार," तो मग सावकाश म्हणाला. "गोदाम शेवटच्या थांब्यावर आहे. बसने पाऊण तास लागतो. लिफ्टमध्ये वगैरे आता आपोआप नाही भेटणार आपण."

"आपोआप नकोच आहे मला," ती म्हणाली. "आज कधी सुटतोस?"

एवढं सामान बांधून व्हायला सहा तरी वाजतील, असं तो म्हणाला. तिने पर्स खांद्यावरून काढली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि गठ्ठ्यातलं एक वर्तमानपत्र ओढून कप गुंडाळायला घेतला. तिने गुंडाळलेले पहिले दोन कप सुटले. ते त्याने पुन्हा बांधले, आणि साडेपाचलाच दोघं निघाले.